दोन खाचांची पट्टी

आमच्या घरात कॉम्प्युटर यायच्या आधी त्याची झूल आली. आईनं जुन्या इरकली लुगड्याचा धड भाग कापून, काठ बरोबर समोर येतील असे ठेवून दोन खोळी शिवल्या, एक पडद्याची आणि एक पेटीची. झूल हा शब्द अण्णांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरजवळच्या मुरुडच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर सुई टोचायचे, अण्णा बैल धरायचे. डॉक्टर जखम शिवायचे, अण्णा दोरा-कात्री हातात द्यायचे. माजलेल्या वळूला अण्णा नुसत्या आवाजानं शांत करत, पण घरातल्या विजेच्या बटणाला हात लावताना पायात चप्पल आहे की नाही ते दोनदा बघत. लातूरचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा तिथलं एक मशीन आईनं हट्टानं घरी आणलं. अण्णांनी दारातच त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "चावत न्हाई ना?"

आईनं लग्नाआधी नांदेडला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. त्या प्रमाणपत्राची पुंगळी करून ती पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेली असायची, आणि दर दिवाळीला साफसफाईत ती बाहेर काढून, झटकून, परत ठेवली जायची. कॉम्प्युटर आल्यावर ती पुंगळी उलगडली, चौकटीत गेली आणि पुढच्या खोलीत भिंतीवर लागली. आई लग्नपत्रिका टाइप करून द्यायला लागली. शाळांच्या प्रश्नपत्रिका, बारशाची बोलावणी, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळं तिच्याकडं यायला लागलं. दुपारी भांडी घासून झाली की ती पदर खोचून कीबोर्डसमोर बसायची, आणि घरात तो आवाज सुरू व्हायचा. पंख्याची घरघर, आतून कुठून तरी उंदीर कागद कुरतडतोय अशी कुरकुर, आणि वरून आईच्या बोटांचा टपटप पाऊस. अजूनही मला दुपारी झोप लागायची असेल तर तसला काहीतरी आवाज लागतो.

मशीनचा स्वभाव मात्र फार विचारी होता. त्याला काहीही सांगितलं की ते आधी विचारात पडायचं. पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि आई उठायची. एक फाइल उघडेपर्यंत तिच्या दोन भाकरी होत. चित्र असलेली फाइल असेल तर वरणाला फोडणीसुद्धा. फाइल साठवायची वेळ आली की ती आतून ओरडायची, "सेव्ह करतेय!" आणि आम्ही सगळे होतो तिथं थांबायचो. मिक्सर लावायचा नाही, पाण्याची मोटर सुरू करायची नाही, इस्त्रीला हात लावायचा नाही. एकदा शेजारच्या काकू कालवणाला वाटीभर दाण्याचं कूट मागायला आल्या आणि आमच्या चेहऱ्याकडं बघून "कोण गेलं?" म्हणून दारातच खाली बसल्या.

मी तेव्हा बारावीला होते. लातूरला तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायचे, पहाटेपासून शिकवण्यांना पळायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मुरुडला यायचे. मी जनावरांची डॉक्टर व्हावं असं अण्णांनी ठरवलं होतं. ज्या खुर्चीमागं ते वीस वर्षं उभे राहिले त्या खुर्चीत त्यांना मला बसवायचं होतं. यात एक अडचण होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती. प्रयोगशाळेत बेडूक उघडला की मला घाम फुटायचा आणि मी बेडकाच्या शेजारीच आडवी व्हायचे. शिपाईमावशींना माझं नाव पाठ झालं होतं. "वर्षा, आज बेडूक हाय, बाहेर बस," असं त्या आधीच सांगायच्या.

तर त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतले बाबूरावकाका आईकडं आले. काकांचं किराणा दुकान होतं आणि त्यांच्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं होतं. काकांना पत्रिका साधी नको होती. वर गणपती, दोन्ही बाजूला दोन मोर, आणि खाली मधोमध त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, फोटो. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा तो एकच फोटो होता, कुठल्याशा जत्रेत काढलेला, हातात पेरू धरलेला. काकांनी तो लातूरहून स्कॅन करून सीडीवर आणला होता आणि ती सीडी ते धोतराच्या सोग्यात, काच फुटेल अशा जपणुकीनं घेऊन आले होते.

"सुमनबाई," ते आईला म्हणाले, "नावं कमीजास्त झाली तर भावकीचं मी बघून घेईन. पण ही पाहिजे. नातीचं लग्न बघायचं म्हणायची लई."

आई म्हणाली, "होईल काका."

ते झालं नाही. गणपती आला. पहिला मोर आला. दुसरा मोर यायला लागला की गणपती अर्धा पुसला जायचा आणि सोंडेच्या जागी पांढरी पट्टी दिसायची. काकूंचा फोटो आणला की सगळंच थांबायचं. पडदा निळा व्हायचा, त्यावर बारीक अक्षरात काहीतरी यायचं आणि मशीन मुकं व्हायचं. आईनं आठ दिवस प्रयत्न केले. आधी काकू आणून मग मोर आणून पाहिले. मोर लहान केले. एका दुपारी तर तिनं मशीनसमोर उदबत्ती लावली, पण धूर आत जाईल म्हणून लगेच विझवली. शेवटी तिनं एसटीडी बूथवरून लातूरच्या क्लासवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, मेमरी कमी पडतेय. रॅमची एक पट्टी वाढवा. पण तुमचं मशीन जुनं, त्याची पट्टी लातूरात आता मिळायची नाही. नांदेडला बघा." रॅम म्हणजे राम नव्हे, हे गल्लीला समजावण्यात आईचा आणखी एक दिवस गेला.

काकांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. सोमवारी अकरा वाजता ते येणार, पत्रिका झाली असेल तर घेऊन छापायला टाकणार, नाहीतर सीडी परत घेऊन लातूरच्या प्रेसला जाणार. काकांचा राग नव्हता, पण गावात काय बोललं जाईल ते आईला माहीत होतं. अण्णांनी तर निर्णय देऊनच टाकला. "सोमवारी न्हाई झालं तर ह्याला घरातून काढायचं. खातं लई आणि कामाला बसतं." आईनं मशीनवर खोळ घातली आणि नांदेडचा फोन नंबर शोधायला लागली. 

नांदेडला आमचा किशनमामा होता, आईचा धाकटा भाऊ. तो एका मोठ्या कापड दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचा. मामाला जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असे, "आपली ओळख आहे." आईनं फोनवर, क्लासवाल्यांनी सांगितलं होतं तसं, पट्टीचं वर्णन केलं. हिरवी, वीतभर लांब, खालच्या कडेला सोनेरी दात. मामा म्हणाला, "ताई, तू काही काळजी करू नको. मी काय म्हणून राहिलो, उद्याच्या गाडीला देतो." आणि खरंच दिली. शनिवारी मी लातूरहून आले तेव्हा कंडक्टरच्या हाती आलेला साडीचा एक चपटा खोका टेबलावर होता. आत पातळ गुलाबी कागद, कागदात हिरवी पट्टी, आणि सोबत मामाच्या अक्षरात चिठ्ठी, 'ताई, अगदी मॅचिंग मिळाली.'

आईनं मशीनची खोळ काढली. पेटीचे स्क्रू काढले. अण्णा हातभर लांब उभे राहिले. आत जुनी पट्टी होती, शेजारी तशाच दोन रिकाम्या जागा होत्या. आईनं नवी पट्टी रिकाम्या जागेवर धरली आणि दाबली. ती बसेना. उलटी करून दाबली. तरीही बसेना. बूथवरून मामाला फोन केला तर तो म्हणाला, "नवीन आहे ना, घट्ट असणारच. दाब जरा. पाण्यात धुतली की सैल होते," आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण घाईनं म्हणाला, "नाही, नाही, धुऊ नको."

अण्णा इतका वेळ बघत होते. आता त्यांना विषय समजला. दाताच्या ओळीत मधे एक खाच होती, पण मशीनमधला उंचवटा खाचेसमोर न येता नेमका दातांसमोर येत होता. खुरं तासायचं काम त्यांनी हजारदा केलेलं. ते आत गेले आणि खुराची कानस घेऊन आले.

"सरक," ते आईला म्हणाले. "इथं एक खाच पाडली की बसंल. दोन मिंटाचं काम हाय."

आणि आईनं, आठ दिवस मोर आणि गणपतीशी झुंजून थकलेल्या माझ्या आईनं, पट्टी त्यांच्या हातात दिली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण अण्णा दचकले आणि कानस त्यांच्याच पायावर पडली. त्या घरात अण्णांवर ओरडलेलं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. अण्णा पाय धरून म्हणाले, "काय झालं? तुला काय कळतं ह्यातलं?"

"अण्णा, जुनी पट्टी काढा. रिकाम्या जागेत उंचवटे दोन आहेत, म्हणजे तिच्यावर खाचाही दोन असणार. हिच्यावर एकच आहे. ही आपली नाही."

"एक असली काय, दोन असली काय..."

"मोजा तुम्हीच."

आईनं जुनी पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. आणि इथं अण्णा अण्णाच होते. गाय विकत घेताना तिचा ओठ वर करून वय सांगणारा माणूस तो. त्यांनी दोन्ही पट्ट्या उजेडाला धरल्या, बोट फिरवून बारकाईनं पाहिल्या, आणि हळूच कानस उचलून आत नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाले, "जात येगळी हाय. सकाळी नांदेडला जाऊ. मशीन घेऊनच जाऊ. जनावर दाखवल्याबिगर औषध आणलं, तिथंच चुकलं."

रविवारी सकाळी सहाच्या गाडीत मी आणि अण्णा, आणि अण्णांच्या मांडीवर सतरंजीत गुंडाळून वर इरकली खोळ घातलेली पेटी. आईनं रात्रीचं दही घालून धपाटे बांधून दिले होते. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"कॉम्प्युटर."

"चालू हाय का बंद?"

"आजारी हाय," अण्णा म्हणाले.

"मग मांडीवरच धरा. टपावर न्हाई टाकायचा." आणि त्यानं पेटीला तिकीट लावलं नाही. लातूरला गाडी बदलली. अहमदपूरला एक म्हातारी चढली, आमच्या शेजारी बसली, काठाच्या खोळीकडं बघत राहिली आणि मग डोक्यावर पदर घेऊन पेटीला हात लावून पाया पडली. "कुठल्या देवीला चालला बाबा?" अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. "नांदेडला," ते म्हणाले. म्हातारीनं खडीसाखर काढून आम्हाला दोघांना दिली आणि एक खडा खोळीवर ठेवला. लोह्यापर्यंत तो खडा तिथंच होता. मग मी खाल्ला.

स्टँडवर मामा उभा होता, नवा शर्ट घालून. त्याला चूक मान्य नव्हती. "भाऊजी, रंग मी उजेडात बघून घेतला. लांबी पण जुळवून घेतली," असं तो सारखं म्हणत होता. ज्या दुकानातून घेतली होती तिथं आधी गेलो, तर काउंटरवरच्या माणसानं पाकीट फोडलेला माल बदलून मिळत नाही असं सांगितलं. मामानं पट्टी परत गुलाबी कागदात गुंडाळली. रोज दिवसातून पन्नास बायकांना तो स्वतः हेच वाक्य सांगायचा. पण त्याच माणसानं, बहुधा मामाच्या चेहऱ्याकडं बघून, जुन्या नांदेडातला एक पत्ता सांगितला, "हमीदचाचांकडं जा, जुना माल त्यांच्याकडंच."

हमीदचाचांचं दुकान नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत होतं. दुकान कसलं, तीन पायऱ्या आणि एक फडताळ. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मग टेपरेकॉर्डर, मग हे. भिंतीला रेडिओंची रिकामी खोकी आणि त्यात वायरी, पट्ट्या, पंखे. चाचा साठीचे, पांढरी दाढी, आणि डोळ्यावर हिरव्या काचांचा मोठा चष्मा. चार दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. घरच्यांनी दुकानात जाऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी ते येऊन बसले होते.

मामानं पट्टी पुढं केली. चाचांनी ती बघितलीच नाही, अंगठ्यानं चाचपली.

"ये किसने दी?"

"मी घेतली," मामा म्हणाला. "रंग बघून घेतली."

"रंग बघून? भाऊ, ब्लाऊजपीस घेतला का काय तुम्ही?"

मामा बाहेर पायरीवर जाऊन बसला. चाचा अण्णांना म्हणाले, "ये नवीन मशीनची. एक खाच. तुमची मशीन पुरानी, तिला दोन खाच लागते. कंपनीवाले खाच कायकू देते? गलत जागी बसू नये म्हणून. आता कोणी कोणी लोक तर घासून बसवते. मशीन जलते, मग येते माझ्याकडं रोते हुए."

अण्णांनी पेटीवरची न लागलेली धूळ झटकली.

चाचांनी एका खोक्यात हात घालून पट्ट्या चाचपल्या आणि एक बाहेर काढली. दोन खाचा. मामाची पट्टी त्यांनी ठेवून घेतली आणि ही दिली, फिट्टंफाट. मग म्हणाले, "पण बसवणार कोण? माझ्या डोळ्याला वाकायची मनाई. बेटी, तू ये. हात तुझे, अक्कल माझी."

"ती नको," अण्णा म्हणाले. "तिला बारावी हाय."

"तर मग? बारावीवाल्यांना हात नै रहते क्या?"

मी गेले. त्यांनी आधी लोखंडी फडताळाच्या पायाला हात लावायला सांगितला, अंगातली वीज उतरावी म्हणून. मग जुनी पट्टी काढायला लावली आणि शाळेतल्या खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासायला लावले. "हळू. पेन्सिलचं नाव मिटवते ना, तसं." काळं निघालं आणि दात चमकायला लागले. मग पट्टीच्या जागेच्या दोन टोकांना असलेल्या पांढऱ्या कड्या बाहेरच्या बाजूला पाडायच्या, खाचेसमोर खाच आणायची, दोन्ही अंगठे दोन टोकांना. "डरू नको. जोर पण नको. भाकरीचा गोळा दाबते ना, बस. दोन्ही हात बराबर."

मी दाबलं. टक. मग दुसऱ्या टोकाला टक. कड्या आपोआप उभ्या राहिल्या आणि पट्टीला धरून बसल्या.

हे मी आता लिहिते आहे तेव्हा माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि सकाळी बोटांचे सांधे धरतात. ह्या बोटांनी किती मशीनं उघडली ते मलाच सांगता येणार नाही. आता फोनच्या कोपऱ्यात इतकी मेमरी असते की आईच्या त्या मशीनसारखी शंभर मशीनं त्यात बसतील, आणि ती वाढवायची तर फोनच नवा घ्यायला सांगतात. पण तो टक आवाज ऐकला तेव्हा मला जे झालं ते बेडकाच्या वेळी व्हायचं त्याच्या बरोबर उलटं होतं. डोकं गार, हात स्थिर. मला वाटलं, हे मला येतं.

चाचांनी वायर लावली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. आतून एकच छोटा बीप आला. "बस. एक आवाज आला म्हणजे खैरियत. लांब लांब ओरडायला लागली तर समज, पट्टी हलली. परत काढ, परत घास, परत बसव." त्यांनी मला खोडरबर देऊ केलं. मी म्हटलं, घरी आहे. ते माझं खोटं होतं. माझं खोडरबर लातूरच्या खोलीवर होतं, आमच्या घरात नव्हतं.

संध्याकाळी पोचलो तेव्हा मुरुडला लाइट नव्हती. लोह्यापासून अहमदपूरपर्यंतचा रस्ता खोदून ठेवलेला, आणि अण्णांनी पेटी वासरासारखी छातीशी धरली होती, तरी ती तीनदा त्यांच्या हनुवटीवर आपटली होती. सोमवारी सकाळी लाइट आली. आईनं हात धुतले, बटण दाबलं.

टूऽऽऽ. टूऽऽऽ. टूऽऽऽ.

पडदा काळा. आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आईनं बटण बंद केलं, परत लावलं. टूऽऽऽ. ती खुर्चीतून उठली आणि चुलीजवळ जाऊन बसली, काहीही न करता. नेमके त्याच वेळी बाबूरावकाका आले, अकराच्या जागी साडेनऊलाच, टोपी घालून, मागं दोन पुतणे. आवाज ऐकून गल्लीतलीही चार माणसं दारात जमली.

"चाचा म्हणाले होते," मी म्हटलं, "पट्टी हलली की असं ओरडतं. मी काढून परत बसवते."

"हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "अजून बिघडंल. मी किशनला फोन करतो."

"किशनला?" आई चुलीजवळून म्हणाली. आठ दिवसांत तिनं पहिल्यांदा आवाज चढवला होता. "साड्या घ्यायच्यात का आपल्याला? वर्षा, उघड गं ते."

 मी जमिनीवर बसले. स्क्रूड्रायव्हर मागायला हात मागं केला, तर तो हातात आला. बघते तो अण्णा, माझ्या मागं, गुडघ्यावर. स्क्रू काढले, ते ठेवायला ताटली आली. मी काही मागत नव्हते, नुसता हात मागं करत होते. वीस वर्षांची सवय होती ती, त्यांनाही कळत नसावं.

"खोडरबर," मी म्हटलं.

ताटली थांबली. "ते न्हाई आपल्याकडं," अण्णा म्हणाले, आणि पायात चप्पल न घालता पळाले. कूट मागायला आलेल्या त्याच शेजारच्या काकूंच्या नातीचं कंपासचं खोकं घेऊन आले, नात रडत मागं. रबर गुलाबी, वासाचं, सशाच्या आकाराचं. सशाच्या कानानं मी दोन्ही पट्ट्यांचे दात घासले. सगळ्या खोलीत स्ट्रॉबेरीचा वास सुटला. लोखंडी कपाटाला हात लावला. खाचेसमोर खाच. दोन अंगठे. टक. टक. मग दुसरी. टक. टक.

"लावा बटण," मी म्हटलं. कुणी पुढं येईना. शेवटी अण्णांनीच लावलं, अनवाणी.

एकच छोटा बीप. आणि काळ्या पडद्यावर पांढरा आकडा पळायला लागला. बाबूरावकाकांना आकड्यांची सवय, ते मोठ्यानं वाचायला लागले. आधी आकडा पासष्ट हजाराच्या थोडा पुढं जाऊन थांबायचा, आम्हाला पाठ होता. तो तिथं आला, आणि थांबला नाही. "सत्तर... नव्वद... लाख गेला की रं," काका म्हणाले, "लाख गेला! दीड... एक लाख शहाण्णव हजार सहाशे आठ!" पुतण्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाचे लाख ते कुणालाच माहीत नव्हतं.

आईनं फाइल उघडली. मिक्सर, मोटर, इस्त्री सगळं बंद. गणपती आला, सोंडेसकट. डावा मोर आला. उजवा मोर आला, आणि गणपती जागचा हलला नाही. मग आईनं सीडी आत सरकवली आणि खाली, मधोमध, हळूहळू वरून खाली उतरत, आधी पदर, मग कपाळावरचं मोठं कुंकू, मग हसणं, मग हातातला पेरू, काकू आल्या. पूर्ण आल्या. बाबूरावकाकांनी टोपी काढून हातात घेतली. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन वाकले. मग म्हणाले, "सुमनबाई, पेरू तेवढा काढता येतो का बघा. नको, नको. राहू द्या. तिला आवडायचा."

पत्रिका त्याच दुपारी झाली. चुलीवर दूध उतू गेलं, कारण आईला आता मधे उठायला वेळच मिळाला नाही. लग्नात पत्रिकेचं लई नाव झालं आणि मंडपात तीन माणसांनी आईला आपापल्या घरच्या लग्नाची तारीख सांगितली.

त्या सोमवारी रात्री जेवताना मी अण्णांना बेडकाचं सांगितलं. त्यांनी भाकरीचा घास दुधात बुडवला, खाल्ला, आणि विचारलं, "आडवीच होतेस?"

"हो."

"दरवेळी?"

"दरवेळी."

त्यांनी उरलेली भाकरी दुधात कुस्करली. वीस वर्षांची खुर्ची त्या ताटात कुठंतरी विरघळत होती, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसती घाबरले होते. ते उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. मंगळवारी मला गाडीत बसवतानाही ते त्यावर बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी घरी आले तेव्हा दारात हातगाडी उभी होती. गाडीवर कडबा पसरलेला, आणि कडब्यावर जनावरांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर, दोरीनं बांधलेला. सहा महिने तो बंद पडून होता आणि डॉक्टरसाहेब त्यावर टोपी ठेवायचे. गल्लीतली दहा-पंधरा माणसं भोवती उभी होती. आई दारात हसत होती.

"अण्णा, हा सरकारी आहे. तुम्ही विचारलंत का?"

"सायबांना शब्द दिलाय मी."

"कशाला दिलात? मला एक पट्टी बसवता येते फक्त."

"आता दिलाय." त्यांनी पेटी उचलून ओसरीवर ठेवली, स्क्रूड्रायव्हर पुसून माझ्या हातात दिला आणि ताटली घेऊन माझ्या मागं गुडघ्यावर बसले. मी वाकले तशी माणसंही माझ्याबरोबर वाकली, आत काय आहे ते बघायला. आणि मग मला अण्णांचा तो आवाज ऐकू आला, ज्यानं वळू शांत व्हायचे.

"सरका मागं," ते सगळ्यांना म्हणाले. "डॉक्टरला उजेड येऊ द्या."